देताना सपाट, घेताना शिगोशीग

गेल्या दिवाळीच्या आधी माझ्या आतेबहिणीचा नेदरलँड्सहून फोन आला. तिला आजीची चकलीची भाजणी हवी होती. तयार पीठ नको होतं, कृती हवी होती. "आणि ग्रॅममध्ये दे," ती म्हणाली. "वाट्याबिट्या नकोत. माझ्याकडे इथे दोन वाट्या आहेत आणि त्या दोन आकारांच्या आहेत. वजनकाटा मात्र आहे."

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. एका एककातले आकडे दुसऱ्या एककात नेणं हे माझ्या लेखी कामच नव्हतं. आजीच्या वहीच्या पानाचा फोटो माझ्याकडे होता. आजी चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर टपोरं. पान असं होतं:

शेरभर तांदूळ
मापटं हरभऱ्याची डाळ
चिपटं उडदाची डाळ
कोळवं मुगाची डाळ
निळवं धणे
मूठभर जिरं

बस, एवढंच. मी शोधलं, एक शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. मापटं त्याच्या निम्मं, चिपटं त्याच्या निम्मं, असं खाली खाली. पाच ओळींचा प्रोग्रॅम लिहिला (तो हातानेही झाला असता, पण सवय). उत्तर आलं: ९३३, ४६७, २३३, ११७, ५८. मुठीचं काय ते नंतर पाहू म्हटलं.

न तपासता पुढे पाठवायचं नाही, एवढी शिस्त नोकरीने लावली आहे. म्हणून पुण्यातल्या माझ्या फ्लॅटवर आधी मीच भाजणी केली, गिरणीतून दळून आणली, आईला फोनवर धरून चकल्या पाडल्या. चकल्या सोऱ्यातून पडतानाच तुटत होत्या. तळल्यावर रंग काळपट आणि चव कडवट. डबा भरून तसाच गावी, सातारा जिल्ह्यात, आजीकडे घेऊन गेलो. आजी चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. डोळ्यांना कमी दिसतं, जिभेला नाही. तिने एक तुकडा तोंडात टाकला आणि विचारलं, "धणे किती घातलेस?"

"अठ्ठावन्न ग्रॅम."

"ग्रॅम राहू दे तुझे. मापानं घातलेस का वजनानं?"

मला तेव्हा प्रश्नच कळला नव्हता. तो कळायला मला दोन महिने लागले आणि चकलीपासून बराच लांबचा फेरा मारावा लागला.

*

पहिल्यांदा मापांचं गणित. दोन निळव्यांचं एक कोळवं, दोन कोळव्यांचं एक चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर. वर गेलात तर दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली. सगळ्यात लहान मापाला कुठे निळवं म्हणतात, कुठे नेळवं, कुठे निठवं. पण पायरी तीच. प्रत्येक माप वरच्याच्या निम्मं. संगणकाशी संबंध आलेल्या माणसाला ही मालिका पाठ असते: एक, अर्धा, पाव, अष्टमांश, षोडशांश.

आता वहीतलं पान पुन्हा पाहा. शेर, मापटं, चिपटं, कोळवं, निळवं. त्या पानावर एकही आकडा नाही, आणि तो लागतही नाही. फळीवरची मापं मोठ्याकडून लहानाकडे ओळीने घ्यायची आणि प्रत्येकात एकेक जिन्नस भरायचा, झाली भाजणी. आज घराघरांत चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ असं जे प्रमाण सांगतात, ते हेच आहे.

निम्म्या-निम्म्याची ही पद्धत आणखी एका कारणासाठी मला आवडली. माप खरं की खोटं हे तपासायला सरकारी नमुना लागत नाही. चिपटं दोनदा ओतलं की मापटं भरलं पाहिजे. नाही भरलं तर दोनांपैकी एक खोटं. हा सगळा संच एकमेकांची साक्ष काढतो.

पायलीच्या वर मात्र ही शिस्त सुटते. मण कुठे बारा पायल्यांचा, कुठे सोळा. वीस मणांची खंडी. आणि शेर केवढा, हे गावागणिक वेगळं. म्हणजे शेजारच्या तालुक्यातल्या बाईने हीच कृती तिच्या शेराने केली, तर भाजणी थोडी कमी-जास्त होईल, पण चकली तीच होईल. शेर किती मोठा याच्याशी कृतीला देणंघेणंच नाही. सगळी मापं एका घरची हवीत, एवढीच अट.

माझी चूक यापुढची होती. मोडी कागदपत्रांत धान्याच्या आकड्यांशी 'कैली' असा शब्द येतो. कैली म्हणजे मापाने मोजलेलं. त्याच्या उलट 'वजनी', म्हणजे तोलून घेतलेलं. धान्य कैली, गूळ, तूप यांसारख्या गोष्टी वजनी. या दोन वेगळ्या व्यवस्था. वजनाकडे गुंज, मासा, तोळा: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. मापाकडे चिपटं, मापटं, पायली. गोंधळ असा, की शेर, मण आणि खंडी ही नावं दोन्हीकडे आहेत. कैली शेर म्हणजे एक भांडं आणि वजनी शेर म्हणजे एक भार. मला सापडलेला ९३३ ग्रॅमचा शेर वजनी होता. वहीतला शेर कैली. नाव एक, जात वेगळी. प्रोग्रॅममध्ये ही चूक झाली असती तर मी दुसऱ्याला हसलो असतो.

*

आजीच्या फळीवर अजून शेर, चिपटं आणि कोळवं आहे, पितळेची. मापटं कुणी नेलं ते आठवत नाही, निळवं हरवलं. मी चिपट्यात पाणी भरून मोजलं: २८४ मिलिलिटर. मग एकेक जिन्नस काठोकाठ भरून, वर हात फिरवून सपाट करून, काट्यावर ठेवला. तांदूळ २२८ ग्रॅम. हरभरा डाळ २२६. उडीद डाळ २४०. मूग डाळ २३८. आणि धणे ८४.

पुन्हा एकदा तोललं. ८४च.

भांड्यात धान्य भरतो तेव्हा आपण धान्याबरोबर हवाही भरत असतो, दाण्यांच्या मधली. तांदूळ आणि डाळी टणक, एकमेकांना चिकटून बसणाऱ्या. धणा पोकळ, गोल, वजनाला फोल. म्हणून तांदूळ-डाळींच्या बाबतीत माप आणि वजन जवळजवळ हातात हात घालून चालतात, आणि धण्यापाशी हात सुटतो. चिपट्याच्या चौथ्या हिश्श्याला, म्हणजे निळव्याला, २१ ग्रॅम धणे. मी घातले होते ५८. पावणेतीनपट.

यातली लबाडी अशी की माझ्या पाच आकड्यांपैकी चार बरोबर होते. या चिपट्याच्या हिशेबाने शेरभर तांदूळ ९१२ ग्रॅम. मी धरले ९३३. डाळींचा फरकही दोन-तीन टक्क्यांचाच. पहिले चार आकडे पडताळून कुणीही म्हटलं असतं की सूत्र बरोबर आहे. चूक शेवटच्या ओळीत होती, आणि ती काट्याने नाही तर आजीने पकडली.

मापातून वजनात जायला एक आकडा पुरत नाही. जिनसागणिक एक आकडा लागतो. आता हे लिहिताना फारच साधं वाटतं. पण माणसाने हे कधीपासून लिहून ठेवलं आहे ते शोधायला गेलो, तेव्हा साधेपणा संपला.

*

कौटिल्याचं अर्थशास्त्र म्हटलं की आपल्याला हेर आणि मंडलसिद्धान्त आठवतो. शामशास्त्री यांनी म्हैसूरला १९०९ साली हा ग्रंथ छापला, पुढे र. पं. कंगल्यांनी मुंबई विद्यापीठासाठी त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्याच्या दुसऱ्या अधिकरणात तराजू आणि मापांवर एक सबंध अध्याय आहे. तिथे कुडुब, प्रस्थ, आढक, द्रोण अशी मापं आहेत. प्रत्येक पुढचं मागच्याच्या चौपट. आपली पायरी दोनाची, त्यांची चाराची.

मग तो द्रोण केवढा ते सांगतो, आणि भांड्याची व्याख्या वजनाने करतो: ज्यात दोनशे पलं उडीद मावतो तो द्रोण. नुसतं 'दोनशे पलं धान्य' म्हणत नाही, कुठलं धान्य ते सांगतो. मी पुण्यात जी चूक केली ती या माणसाने केली नसती.

पण खरी गंमत पुढे आहे. गंमत म्हणवत नाही खरं तर. दोनशे पलांचा द्रोण हा राजाच्या उत्पन्नासाठी. व्यापारातला द्रोण साडेसत्याऐंशी अधिक शंभर, म्हणजे १८७½ पलांचा. सेवकांना वाटायचा द्रोण १७५ पलांचा. आणि अंतःपुरासाठी १६२½ पलांचा. नाव चौघांचं एकच. म्हणजे कोठारात येताना जो द्रोण असतो, तो नोकराच्या पदरात पडताना आठव्या हिश्श्याने रोडावलेला असतो. हे कुणा लबाड कारकुनाचं काम नाही, हा लिखित नियम आहे.

त्याच अध्यायात मापं कशी बनवावीत तेही आहे. वाळलेल्या, चिवट लाकडाची करावीत, आणि शिखा चौथ्या हिश्श्याची असावी. नाहीतर शिखेचं धान्य आतच मावेल अशी करावीत. शिखा म्हणजे आपली शीग. भांडं काठोकाठ भरल्यावर वर जी निमुळती रास उभी राहते, ती. कोकणात-देशावर अजून एखादी गोष्ट 'शिगोशीग' भरलेली असते. शब्द टिकला आहे, त्यामागचं भांडण विसरलं गेलं आहे.

*

ते भांडण मला आजीकडून कळलं. मी शेरात जोंधळा भरत होतो, आणि शीग धरायची की नाही असं तिला विचारलं. ती म्हणाली, "भाजणीला सपाट. शीग लोकांची."

तिची आई, म्हणजे माझी पणजी, सुगीला दुसऱ्यांच्या रानात काढणीला जायची. मजुरी जोंधळ्यात मिळायची, खळ्यावर, मापाने. मोजणारा पहिल्या मापाला 'एक' म्हणायचा नाही, 'लाभ' म्हणायचा. मग दोन, तीन. लाभ कुणाचा, हे विचारायची सोय नव्हती. माप भरलं की मालक काठावरून हात फिरवायचा आणि शीग खाली राशीत पडायची. पावसाळ्यात घरातलं सरलं की त्याच घरातून जोंधळा उसना आणायचा, दिढीने. म्हणजे पायली नेली की सुगीला दीड पायली परत. नेताना माप सपाट. परत करताना तेच माप, पण शिगेसकट. "देताना सपाट, घेताना शिगोशीग," आजी म्हणाली. यात तक्रारीचा सूर नव्हता. उन्हाळ्यात ऊन असतं, अशा सुरात म्हणाली.

मी हिशेब केला. शीग भांड्याच्या पावपट धरली तर सपाट एका पायलीच्या बदल्यात दीड पायली आणि तिच्यावरची शीग, म्हणजे एकूण १·८७५ पायली. म्हणायला व्याज पन्नास टक्के, प्रत्यक्षात सत्त्याऐंशी. वहीत दीडच लिहिलं जाणार, कारण मापं दीडच मोजली.

आणि शीग किती पडते हे भांड्याच्या आकारावर आहे. आजीचा शेर बारा सेंटिमीटर रुंद आणि दहा उंच. त्यावर जोंधळ्याची शीग उभी केली तर जेमतेम आठवा-नववा हिस्सा जास्त मावतो. तेवढाच शेर सोळा सेंटिमीटर रुंद आणि साडेपाच-सहा उंच केला, तर सपाट धान्य तेवढंच, पण शीग पावपटीच्याही वर जाते. म्हणजे दोन भांडी पाणी ओतून तपासली तर अगदी सारखी, आणि खळ्यावर त्यांच्यात पंधरा टक्क्यांचा फरक. मघाशी मी म्हणालो की मापं एकमेकांची साक्ष काढतात. ही साक्ष फक्त काठापर्यंतची. काठाच्या वर ज्याचा हात, त्याचं माप.

हे काही आपल्याकडेच होतं असं नाही. विटोल्ड कुला या पोलिश इतिहासकाराने मापं आणि माणसं यांच्यावर १९७० साली एक पुस्तक लिहिलं. त्यात युरोपभरच्या सरंजामदारांच्या मापांचा हाच धंदा आहे. १७८९ साली फ्रान्समध्ये राजाने प्रजेकडून गाऱ्हाण्यांच्या वह्या मागवल्या, तेव्हा गावोगावहून आलेल्या मागण्यांत एक मागणी पुन्हा पुन्हा होती: सगळीकडे एकच वजन आणि एकच माप असावं. मीटर आणि ग्रॅम त्यातून आले. शाळेत मला दशमान पद्धत शिकवली ती सोयीची म्हणून: दहाने गुणा, दहाने भागा. ती कुणाच्या तरी पोटातून आलेली मागणी होती, हे कुणी सांगितलं नव्हतं.

१७९५च्या फ्रेंच कायद्याने ग्रॅमची व्याख्या केली तीही पाहण्यासारखी आहे: एक घन सेंटिमीटर शुद्ध पाण्याचं वजन. म्हणजे किलो हा जन्माने मापाचाच मुलगा, एक लिटर भांड्यातल्या पाण्याचा भार. पाणी निवडलं यात शहाणपण होतं. पाण्यात दाण्यांमधली हवा नाही, आणि पाण्याला शीग लागत नाही.

*

आपल्याकडे वजनाची एकी दोन टप्प्यांत आली. इंग्रजांनी सुरुवात केली तेव्हा मुंबईचा मण २८ पौंडांचा होता, मद्रासचा २५ आणि बंगालचा ८२ पौंडांच्या वर. १८३३ साली कलकत्त्याच्या टांकसाळीतल्या जेम्स प्रिन्सेपच्या पुढाकाराने तोळा १८० ग्रेनचा ठरला, तेवढ्याच वजनाचा रुपया. ऐंशी तोळ्यांचा शेर, चाळीस शेरांचा मण. हा तोच प्रिन्सेप, ज्याने पुढे अशोकाची ब्राह्मी लिपी वाचली. १९३९च्या केंद्रीय कायद्याने हाच शेर देशासाठी प्रमाण ठरवला. मला पहिल्या फटक्यात सापडलेला ९३३ ग्रॅमचा शेर तो हा, कलकत्त्याच्या टांकसाळीत घडलेला. जुन्या मुंबईच्या मणाचा चाळिसावा हिस्सा काढला तर वजनी शेर जेमतेम ३१८ ग्रॅमचा भरतो. सुदैवाने मला तो आधी सापडला नाही.

मग १९५६चा वजनमापांचा कायदा, आणि १९५८च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने किलो आणि ग्रॅम. आजीचं लग्न १९६० सालचं. ती उंबऱ्यावरचं तांदळांनी भरलेलं माप ओलांडून या घरात आली. ते माप म्हणजे आज फळीवर असलेला हाच शेर. त्याच सुमाराला गावातल्या दुकानात सहा कोनांची लोखंडी वजनं आली. ज्या मापाला पाय लावून ती घरची झाली, ते माप बाजारातून हद्दपार होत होतं.

मी तिला विचारलं, लोकांना हे जाचक वाटलं का? ती म्हणाली, हिशेबाला जाचक वाटलं. पाव शेराचे किती ग्रॅम, हे कुणाला पटकन सांगता येईना. पण तिच्या आईला काटा आवडला. काट्यावर शीग लावता येत नाही. दांडी मारता येते, पण ती मारताना दिसते.

मला हे ऐकून थोडं ओशाळायला झालं. तोवर माझ्या मनात या लेखाचा वेगळाच आराखडा तयार होत होता. जुनी मापं किती सुंदर, निम्म्या-निम्म्याची, घराघरांतली. आणि सरकारने ती मोडून रुक्ष ग्रॅम आणले. असे लेख मी वाचले आहेत आणि मला ते आवडलेही आहेत. पण चिपट्या-मापट्यांची आठवण काढून गहिवरायचं असेल, तर आपले पूर्वज मापाच्या कुठल्या बाजूला उभे होते हे आधी पाहायला हवं. माझी पणजी शीग जिथे पडायची त्या बाजूला नव्हती.

*

तरीही स्वयंपाकघरात माप राहिलंच. हे कोडं मला बरेच दिवस सुटत नव्हतं. दुकानात डाळ किलोने, दूध लिटरने, आणि घरी आल्यावर दोन्ही वाटीने. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं, म्हणजे किलो रुळून गेल्यावर. तरी त्यात प्रमाणं वाटी-चमच्यांची, आणि त्यावर महाराष्ट्रातल्या मुलींच्या दोन-तीन पिढ्या स्वयंपाक शिकल्या. शेर गेला, पण त्याची जागा किलोने घेतली नाही, वाटीने घेतली. वाटीचा आकार कुठल्याच कायद्यात नाही, आणि त्याने कुणाचं काही अडलं नाही.

अमेरिकेतही हेच झालं. तिथली घरं अजून कपाने मोजतात. फॅनी फार्मरने १८९६च्या तिच्या पाकपुस्तकात कप आणि चमचा सपाटच भरायचा असा आग्रह धरला. सुरी फिरवून वरचं काढून टाकायचं. म्हणजे तिने स्वयंपाकघरातून शीग काढली, माप काढलं नाही.

मला आता असं वाटतं की मापात खोट शिरायला देणारा आणि घेणारा वेगळा असावा लागतो. खळ्यावर ते वेगळे होते, म्हणून शीग कुणाची हा प्रश्न होता. स्वयंपाकघरात भरणारा हात आणि ओतणारा हात एकच. तिथे स्वतःला फसवून कुणाला काही मिळत नाही. तिथे किती हा प्रश्नही दुय्यम. कशाला किती हा खरा प्रश्न, आणि त्याला एकच भांडं पुरतं. वजन हे अनोळखी माणसांमधल्या व्यवहारासाठी लागतं. प्रमाण घरातल्या घरात राहू शकतं.

मग माझ्या बहिणीला ग्रॅम का हवे होते? कारण ही कृती आता घराबाहेर चालली आहे. आजीचा शेर इथे आहे आणि चकली तिथे होणार. दोघींच्या मध्ये दोन वेगळ्या वाट्या आहेत. आजीने पीठ भिजवताना शेजारी उभं राहून शिकायचं, ही सोय माझ्या आईला होती. माझ्या बहिणीला नाही. अंतर पडलं की काटा लागतो.

*

अर्थशास्त्रातली एक जागा सांगून थांबतो. मापांच्या अध्यायाच्या थोडं आधी कोठारावरच्या अधिकाऱ्याची कामं आहेत. कुटल्यावर, दळल्यावर, भाजल्यावर, भिजवल्यावर, वाळवल्यावर, शिजवल्यावर धान्य किती वाढतं आणि किती घटतं, याची प्रमाणं त्याने स्वतः डोळ्यांनी पाहून घ्यावीत असं तिथे म्हटलं आहे. पुढे कुठल्या धान्याचं किती होतं याची यादीही दिली आहे, पण आधी म्हटलं आहे: प्रत्यक्ष पाहा.

तेव्हा मीही पाहिलं. चिपटंभर तांदूळ धुऊन, वाळवून, भाजून पुन्हा त्याच चिपट्यात भरला, तर मावेना. भाजून तो फुलला होता आणि हलका झाला होता. म्हणजे माप कच्च्या धान्याचं की भाजलेल्याचं, यानेही फरक पडतो. वहीत ते लिहिलेलं नाही. आजीला विचारलं. "कच्च्याचं. भाजलेलं कोण मोजत बसतंय, हात भाजतोय." मी टिपून घेतलं.

शेवटी बहिणीला पाठवायचा तक्ता असा झाला, सगळं कच्चं आणि सपाट मापाचं: तांदूळ ९१२ ग्रॅम, हरभरा डाळ ४५२, उडीद डाळ २४०, मूग डाळ ११९, धणे २१. या आकड्यांची भाजणी मी पुन्हा केली. चकल्या तुटल्या नाहीत. आजीने एक पूर्ण खाल्ली आणि काही बोलली नाही, याचा अर्थ आमच्या घरात सगळ्यांना कळतो.

राहिलं मूठभर जिरं. मूठ हे काही माप नव्हे असं माझं मत होतं, तेव्हा साधारण आकडा टाकून देऊ म्हणून मी आजीला काट्यावरच्या ताटलीत मूठभर जिरं टाकायला सांगितलं. १७ ग्रॅम. पुन्हा सांगितलं. १८. तिसऱ्यांदा १७. तिला आकडा दिसत नव्हता, मी सांगितलाही नव्हता. मग मी स्वतः तीनदा टाकलं: २६, ३१, २२.

तक्त्यात जिऱ्यासमोर १७ ग्रॅम लिहिलं आहे, आणि पुढे कंसात: आजीची मूठ, माझी नव्हे.